नाव कोठे लागी?

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी ‘शिक्षणतज्ज्ञ’ आहे. घाबरू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक लागतात, एकूण सभासदांत निम्म्या बाया लागतात, आणि उरलेल्या जागांत कुठेतरी एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ बसवावा लागतो. आमच्याकडे ज्यांना शिक्षणातलं कळत होतं ते पुण्याला गेले, ज्यांना शेतीतलं कळतं ते त्या दिवशी शेतात होते, आणि मी सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. हेडसरांनी तिथेच कागद पुढे केला. एका गालाला साबण असलेला माणूस फारसा वाद घालू शकत नाही. मी सही केली.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्गणीला मला कोणी ओट्यावर बसू देणार नाही. पारोळा तालुक्यात आहे एवढं पुरे. म्हणजे जिल्हा जळगाव, पण दवाखाना धुळ्याचा आणि लग्नाचा बस्ताही धुळ्याचा. इंग्रजांनी 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, जळगाव इकडे आणि धुळे तिकडे. तेव्हापासून आम्ही दाखले जळगावहून आणतो आणि सुना धुळ्याहून.

बायको माझीही धुळ्याचीच. आणि वर्गणीचं हे लचांड माझ्या गळ्यात पडलं ते सासुरवाडीच्या रस्त्यानं.

झालं असं, की 2015 नंतरच्या दोन-तीन वर्षांत धुळे जिल्ह्यातल्या शाळा भराभर ‘डिजिटल’ होऊ लागल्या. हर्षल विभांडिक नावाचा मूळचा धुळ्याचा, न्यूयॉर्कला बँकिंगमध्ये नोकरी करणारा माणूस गावोगाव फिरून प्रेरणासभा घ्यायचा. हिशेब सरळ होता: शाळेच्या डिजिटल वर्गाचे 70 टक्के पैसे गावानं आणि मास्तरांनी मिळून उभे करायचे, 30 टक्के तो स्वतःच्या खिशातून घालणार. बघता बघता जिल्ह्यातल्या 1,100 हून जास्त शाळांत पडदे लागले. आमचा खान्देशी माणूस फुकट मिळालेल्या वस्तूकडे संशयानं बघतो आणि पूर्ण पैसे मागणाऱ्याकडे त्याहून जास्त संशयानं. पण ‘तुम्ही सत्तर टाका, मी तीस टाकतो’ म्हटलं की त्याला तो बैलजोडीचा सौदा वाटतो. रुमालाखाली हात घालून बोटं दाबावी तसा तो खुलतो.

माझ्या सासुरवाडीच्या शाळेत पडदा लागला, आणि त्या रात्री आमच्या घरी वरणबट्टीबरोबर एक वाक्य वाढलं गेलं. “आमच्या गावात पोरं पडद्यावर सूर्यमाला बघतात. तुमच्या शाळेत छपराच्या भोकातून सूर्य दिसतो.”

मी वही घेऊन निघालो.

वर्गणी मागायला जाण्याची आमच्याकडे एक वेळ असते. ती वेळ कापूस ठरवतो. कापूस विकला की माणूस मऊ होतो, विकायच्या आधी त्याच्याकडे जाणं म्हणजे परीक्षेच्या आधी निकाल मागणं. 2022 च्या सुरुवातीला कापसानं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. त्या वर्षी मी वेळ चुकवली. पुढच्या हंगामात मी वेळेवर गेलो, तर सगळा खान्देश कापूस घरात घालून तोच आकडा परत येण्याची वाट बघत बसलेला. जिभाऊंच्या धाब्याच्या घरात कापूस पार छताला टेकला होता. बसायला जागा कापसावरच होती. मी कापसावर बसलो, चहा कापसावर ठेवला, तो कलंडला, त्यावर दोघांनीही काही बोलायचं नाही असं ठरवलं. जिभाऊ अंग खाजवत म्हणाले, “भाव उना का दिसू.” भाव आला की देतो. भाव आला नाही. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक घरात माणसं खाजवत होती आणि शाळेचा पडदा कापसात अडकला होता.

शेवटी कापूस गेला, मिळेल त्या भावात गेला, आणि पारावर सभा बसली.

सभेत कोणी पहिल्यांदा आकडा सांगत नाही. शाळेबद्दल सगळे गहिवरून बोलतात. मी याच शाळेत शिकलो, अमुक गुरुजींनी मला उलटा टांगला म्हणून आज मी सरळ आहे, वगैरे. हे तासभर चालतं. मग वही उघडली जाते आणि एकदम शांतता पसरते. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो, तो किराणा दुकानवाले नाना मोठ्यानं विचारतात: “आप्पानी कितला लिखात?”

नाना आणि आप्पा यांचं वाकडं आहे. कशावरून ते आता दोघांनाही नीट आठवत नाही, पण वाकडं आहे. त्यामुळे आमच्या गावात वर्गणी गोळा करण्याचं शास्त्र सोपं आहे. नानांना आप्पांचा आकडा सांगायचा, आप्पांना नानांचा, आणि दोन्ही वेळा शंभर वाढवून सांगायचे. अशा रीतीनं मी एकदा एकाच संध्याकाळी पाचशे एकवरून पाच हजार एकपर्यंत मजल मारली होती. तो वरचा एक रुपया कुठून येतो हे मात्र मला आजवर कळलेलं नाही. पाच हजार माणूस चटकन काढून देतो, त्या एका रुपयासाठी सदरे, लेंगे, बायकोचा मिसरीचा डबा असं सगळं धुंडाळतो.

आकडा ठरला, की दुसरा प्रश्न येतो. हा जास्त महत्त्वाचा.

“पन नाव कोठे लागी?”

समितीवरच्या इतक्या वर्षांत मी शिक्षणातलं काही शिकलो असेन, तर एवढंच, की शाळेला लागणाऱ्या वस्तू दोन जातींच्या असतात. एक, जिच्यावर नाव लिहिता येतं. दोन, जिच्यावर येत नाही. पहिल्या जातीतलं काहीही मागा, मिळतं. कपाट, घड्याळ, पाण्याची टाकी, ध्वजाचा चबुतरा, लोखंडी फाटक. दुसऱ्या जातीतलं मागून बघा. फिनेल, खराटे, संडासाची सफाई, खडू, विजेचं बिल. “लाइट बिलवर नाव लागस का?” असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे, आणि तज्ज्ञ असूनही मला उत्तर देता आलेलं नाही.

सरकार काही देत नाही असं नाही. समग्र शिक्षा योजनेतून 31 ते 100 पट असलेल्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये अनुदान आहे. आमचा पट 58. या पंचवीस हजारांत वर्षभराचे खडू, रजिस्टरं, दुरुस्त्या, वीज, पाणी, आणि निदान दहा टक्के स्वच्छतेवर. ते येतात तेव्हा येतात. मधल्या काळात शाळा चालते ती हेडसरांच्या आणि मॅडमच्या खिशावर. हे देणगीदार कुठल्याच पाटीवर नसतात. मॅडमनी तीन वर्षांत किती झाडू आणले ते मी एकदा विचारलं, तर त्या ओशाळून म्हणाल्या, “जाऊ द्या ना भाऊ, घरी सांगितलेलं नाही.”

बाकी पाट्यांना तोटा नाही. फाटकाचंच घ्या. गावातून सुरतेला गेलेल्या एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला कमानीसकट फाटक दिलं. सुरेख आहे. वर मोर आहेत. फक्त भिंत नाही. भिंतीला कोणी मिळालं नाही, कारण भिंत लांब असते आणि नाव तिच्यावर कुठेही लिहिलं तरी बाजूचा भाग मोकळा राहतो, तिथे दुसरा येऊन आपलं लिहील. त्यामुळे मोकळ्या मैदानात ते फाटक एकटंच उभं आहे. हेडसर रोज संध्याकाळी त्याला कुलूप लावतात. शेळ्या बाजूनं जातात. पोरंही बाजूनंच जातात. फाटकातून आत येतात ते फक्त दीक्षा घेतल्यासारखे गंभीर झालेले तपासणी अधिकारी, आणि त्यांच्यासाठी किल्ली शोधावी लागते.

पण माझा खरा जीव आहे तो चौथीच्या वर्गातल्या पंख्यावर. हा पंखा तीन सख्ख्या भावांनी मिळून दिला. तिघांत बांधावरून दावा चालू आहे, तारखा पडतायत, घरांमध्ये बोलणं नाही. आई मात्र तिघांची एकच, आणि ती वारली होती. स्मरणार्थ काहीतरी द्यायचं तर तिघांनी वेगवेगळे पंखे द्यावेत असं मी सुचवलं. ते महाग पडत होतं. मग तोड निघाली: एका पंख्याला पाती तीन, भाऊ तीन. प्रत्येकाचं नाव एकेका पात्यावर. खर्चाचा तिसरा हिस्सा प्रत्येकानं वेगवेगळ्या दिवशी माझ्याकडे आणून दिला. पंखा सुरू झाला की तिन्ही नावं मिळून एक करडं वर्तुळ होतं आणि पोरांना वारा लागतो. वीज गेली की पंखा हळूहळू थांबतो, पाती सुटी होतात, आणि मधला भाऊ दारातून डोकावून बघतो की फळ्याकडे तोंड कोणाच्या नावाचं आहे.

2024 मध्ये सरकारनं ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अशी स्पर्धा काढली. 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी मुदत, आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख. त्यात लोकसहभागालाही गुण होते. गावाला अचानक शाळा दिसू लागली. आता, पारोळ्याला रेल्वे नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही अमळनेरला जाऊन गाडी बघतो. ती हौस शेवटी शाळेच्या भिंतीवर फिटली. पेंटरनं चारी खोल्यांना रेल्वेचे डबे करून टाकले. निळा रंग, खिडक्या, दारं, खाली चाकं. आणि खऱ्या गाडीत जिथे पूर्वी आरक्षणाचा तक्ता चिकटवायचे, नेमकं तिथे देणगीदारांची यादी. एक आजोबा रोज येऊन आपलं नाव वाचून जात, खात्री पटल्यासारखे. वेटिंगवर असावेत तसे. बक्षीस आलं नाही. इंजिन मुतारीच्या भिंतीवर आलं होतं, त्याचे गुण कापले गेले असावेत असं हेडसरांचं मत.

आम्हाला हसायला सोपं आहे, पण नावाचा हा सोस गावंढळ आहे असं कोणी म्हणू नये. खुद्द शासनाला तो पटलेला आहे. 2023 च्या सप्टेंबरात ‘दत्तक शाळा योजना’ निघाली. एखाद्या दात्यानं ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घेऊन पन्नास लाखांच्या वस्तू-सेवा दिल्या, किंवा दहा वर्षांसाठी एक कोटीच्या, तर तेवढी वर्षं शाळेच्या नावाला त्याचं नाव जोडता येतं. मोठ्या महापालिकांचे दर याहून चढे, दोन कोटींपासून पुढे. रोख मात्र चालत नाही. हा निर्णय वाचून दाखवला तेव्हा सभेत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नानांनी विचारलं, “पन्नास लाखमा शाळा, मंग एक खोलीनं कितलं?” त्यांनी लगेच मनात चारानं भागलं होतं.

नावाचंच पाहायचं तर अमळनेरचं प्रताप हायस्कूल घ्या. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठांच्या नावाचं. साने गुरुजी 1924 ते 1930 तिथे शिक्षक होते, तिथलं वसतिगृहही त्यांनी सांभाळलं. फाटकावर नाव शेठजींचं आहे आणि शेठजींनी ते कमावलेलं आहे, त्यांनी पैसा मोजला. पण कोणालाही विचारा, ते हायस्कूल कोणाचं, तर तो मुलांचं अंथरूण-पांघरूण नीट करणाऱ्या मास्तराचं नाव सांगतो. नानांना मी हे उदाहरण दिलं होतं. ते म्हणाले, “बराबर शे. पन मास्तरनं नाव फुकटमा लागनं.”

फुकटात नाव लागलेल्यांचं बोलायचं तर आपल्या बहिणाबाई चौधरी. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षर गिरवायला कधी मिळालं नाही. आणि 2018 मध्ये आमच्या अख्ख्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचं नाव लागलं. दत्तक योजनेच्या दरानं हिशेब केला तर तिन्ही जिल्ह्यांचा कापूस आणि केळी विकूनही भागलं नसतं.

आणि साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड चालवला होता. बायांनी जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटात जायचं. मी हा प्रयोग आमच्याकडे करायचं सुचवलं. सभेनं एकमतानं दाद दिली. प्रश्न एवढाच आला की जात्याऐवजी आता गिरणी आहे, आणि मुठीवर नाव कसं लिहायचं.

अमळनेरचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. 1945 मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली. त्या काळी अमळनेरात ज्यांनी शंभर-दोनशे रुपयांचे शेअर घेतले आणि विसरून गेले, त्यांची नातवंडं आज विसरलेली नाहीत. अझीम प्रेमजींनी पुढे आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा प्रतिष्ठानाला दिला, आणि ते प्रतिष्ठान सरकारी शाळांसाठीही काम करतं. म्हणजे तुपाचा पैसा फिरून शाळेतच आला. हे कळल्यावर आमच्या समितीनं ठराव केला की अमळनेरच्या नातेवाइकांना भेटावं. मी तीन घरं फिरलो. अनुभव असा, की ज्याच्याकडे शेअर आहेत तो सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्या आजोबांनी ते मुलीच्या लग्नात विकले होते. तिसऱ्या घरी मला शेवभाजी मिळाली. ती उत्तम होती.

आता थोडं अवघड बोलतो. ज्या सभेत ही वर्गणी गोळा होते, तिथे बसलेल्या निम्म्या लोकांची नातवंडं या शाळेत नाहीत. सकाळी साडेसातला पिवळी व्हॅन येते आणि टाय लावलेली पोरं तालुक्याला घेऊन जाते. आप्पांना मी एकदा सरळच विचारलं. ते न लाजता म्हणाले, “आमना पोऱ्या तं इंग्लिशमा शे.” आणि लगेच शाळेच्या पडद्यासाठी दोन हजार एक दिले. यात त्यांना विसंगती दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही दाखवायला गेलो नाही, पैसे परत घेतले असते.

मला गंमत वाटते ती वेगळीच. तिकडे व्हॅनवाल्या शाळेत भरायला लागतं त्याला ‘डोनेशन’ म्हणतात. ते घ्यायला 1987 च्या कायद्यानं महाराष्ट्रात बंदी आहे. तरी ते दिलं जातं, आणि कसं? रात्री, पिशवीतून, पावती न मागता, आणि आपलं नाव कुठेही येणार नाही याची हात जोडून खात्री करून घेऊन. तेच गृहस्थ इकडे पाचशे एक रुपये देताना पावती, फोटो, लाउडस्पीकरवरून घोषणा आणि संगमरवरात स्वल्पविरामासकट नाव मागतात. निनावी दान करण्याची ताकद आमच्या माणसात नाही असं कोण म्हणतो? भरपूर आहे. फक्त ते चुकीच्या फाटकातून जातं.

अमेरिकेत म्हणे आया केक भाजून विकतात आणि त्या पैशातून सरकारी शाळेला वाद्यं घेतात. आमच्याकडे बाल आनंद मेळावा असतो. तिसरीतली पोरं घरून भाजी, बोरं, भजी आणून बाजार मांडतात. गेल्या मेळाव्यात एका पोरीनं मला दहा रुपयांना मेथीची जुडी विकली. मी सवयीनं म्हटलं, आठला दे. तिनं माझ्याकडे बघितलं, जुडी परत घेतली, तिच्यातल्या चार काड्या काढून ठेवल्या आणि म्हणाली, “आता आठ.” एवढं व्यवहारी गणित मला कुठल्या पडद्यावर दिसलेलं नाही. शेजारी एका पोरानं भजी विकून एकशे चाळीस रुपये नफा झाल्याचं जाहीर केलं. त्याची आई मागे उभी होती. तेल आणि बेसन मिळून दोनशेचं गेलं होतं. ती टाळ्या वाजवत होती.

तर एवढं सगळं करून शेवटी आमचाही पडदा आला. 43 इंची टीव्ही, खाली स्टिकरवर अकरा नावं, दोन रांगांत. उद्घाटनाला टोपी-उपरण्याचे सत्कार इतके झाले की सूर्यमाला लावायला वेळ उरला नाही. मुलांना फक्त स्वागताचा पडदा दिसला. सूर्यमाला दुसऱ्या दिवशी बघू म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी वीजवाले आले आणि थकलेल्या बिलापोटी जोडणी कापून गेले. पुढचे चार महिने अकरा नावं काळ्या काचेखाली शांतपणे बसून होती. सासुरवाडीला ही बातमी माझ्या आधी पोचली.

तेव्हा मला जे सुचलं त्याबद्दल मला थोडा अभिमान आहे आणि बराचसा पश्चात्ताप. बिलावर नाव लागत नाही ना? मग बिलाला पाटी लावू. मीटरच्या पेटीशेजारी एक छोटा काळा फळा ठोकायचा, आणि दर महिन्याला त्यावर हेडसरांच्या वळणदार अक्षरात खडूनं लिहायचं: ‘या महिन्याचा उजेड’, आणि खाली नाव. महिने बारा, दाते बारा. ज्याचा महिना, त्यानं येईल ते बिल भरायचं. थकबाकी सरपंचांनी कशीबशी मिटवली, आणि मी महिन्यांची यादी सभेपुढे ठेवली.

ऑगस्ट पहिल्या मिनिटात गेला. पंधरा तारखेला झेंडावंदनाला सगळं गाव येतं, फळा वाचला जातो. आप्पांनी तो घेतलाच, वर एक हजार एक जास्तीचे दिले. जानेवारीवरून, म्हणजे सव्वीस तारखेवरून, दोघांत बोलाचाली झाली. सप्टेंबरात शिक्षकदिन, नोव्हेंबरात दिवाळीची सुटी म्हणून बिल कमी. पंख्यावाल्या तीन भावांनी एकेक महिना घेतला, मध्ये एक एक महिन्याचं अंतर सोडून. जुलै कोणालाच नको होता. पावसात फळ्यावरचं नाव धुऊन जातं. तो शिक्षणतज्ज्ञाच्या वाट्याला आला.

नाना तोवर गप्प होते. मग शांतपणे म्हणाले, “मे महिना मना.”

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. मेमध्ये शाळा बंद. पंखा नाही, टीव्ही नाही, दिवा नाही. बिल येणार ते नुसत्या स्थिर आकाराचं. नुसत्या तेवढ्यावर महिनाभर फळ्यावर नाव, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडून नवीन नाव लिहीपर्यंत ते तसंच. नानांनी हा महिना पाच वर्षांसाठी आगाऊ मागितला. ‘येईल ते बिल भरेन’ असं इतिवृत्तात लिहून त्यांनी खाली सही ठोकली, आणि आप्पांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले.

त्याच मे महिन्यात आप्पांच्या मुलीचं लग्न निघालं. गावात मंगल कार्यालय नाही. वऱ्हाडाचा जानोसा आमच्याकडे पहिल्यापासून शाळेत असतो, त्याला कोणी परवानगी विचारत नाही आणि कोणी नाकारत नाही. वऱ्हाड धुळ्याचं. वरती ऊन पंचेचाळीस अंशांचं. आप्पांनी कसूर ठेवली नाही. चारी डब्यांत, म्हणजे चारी खोल्यांत, एकेक मोठा कूलर. पाणी चढवायला मोटार. कोल्ड्रिंकला फ्रीज. मैदानात रात्रभर हॅलोजन. पंखा, टीव्ही, मोबाइलचे चाळीस-पन्नास चार्जर. दोन दिवस आधी मंडळी आली आणि एक दिवस नंतर गेली. गावकीत वाकडं असलं तरी लग्नाला जावं लागतं, म्हणून नानाही आले. दुपारी जेवण झाल्यावर त्यांना जड झालं. शाळेच्या चौथीच्या खोलीत कूलरसमोर त्यांनी अंग टाकलं. मी शेजारीच होतो. डोळे मिटता मिटता ते समाधानानं म्हणाले, “काय गार वारा शे!” वरती तीन भाऊ मिळून फिरत होते.

बिल जूनमध्ये आलं. शाळा उघडली त्या दिवशी नाना ते हातात घेऊन फळ्यासमोर उभे होते. आकडा मी सांगत नाही, पण त्यात ऑगस्टसारखे तीन ऑगस्ट बसले असते. आप्पांकडून घ्या, वाटून घ्या, असं मी म्हणायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. सही केली होती. आणि आप्पांकडून पैसे घेण्यापेक्षा ते दुकान विकतील. त्यांनी कनवटीचे पैसे काढून मोजून हेडसरांच्या हातावर ठेवले. वरचा एक रुपया सुद्धा बरोबर निघाला.

हेडसर खडू घेऊन जूनचं नाव लिहायला निघाले, तसे नाना म्हणाले, “थांबा मास्तर.” फळ्यावर अजून त्यांचंच नाव होतं, त्यावर ‘मे महिन्याचा उजेड’. ते त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“नुसता उजेड लिखेल शे,” ते म्हणाले. “गार वारा बी लिखा.”